मोहरीएवढी तबकडी: कॉकपिटचे डेकल बसवताना नेमकं कुठे चुकतं

प्लास्टिकच्या मॉडेल विमानाच्या पंखावरचं तिरंगी गोल चिन्ह झकास बसवणाऱ्या माणसाचंही कॉकपिटच्या पॅनेलवर डेकल, म्हणजे पाण्याने सोडवून चिकटवायचं पातळ छापील चित्र, लावताना हमखास बिघडतं. मला दाखवायला आणलेल्या पॅनेलांवर दोष तेच ते असतात. तबकडीखाली, म्हणजे उपकरणाच्या गोल चेहऱ्याखाली, चंदेरी झाक, कडेला चुन्यासारखा पांढरा डाग, आणि सहातली एखादी तबकडी उलटी बसलेली. संशय मात्र प्रत्येकाचा सॉफ्टनरवर, म्हणजे डेकल मऊ करून खाली बसवणाऱ्या द्रवावर. "ह्याच्यापेक्षा कडक काही मिळतं का?" हा प्रश्न ठरलेला. सॉफ्टनर बिचारं निर्दोष असतं. काम दोन दिवस आधीच बिघडलेलं असतं, रंग देताना आणि तबकडी कापताना.

खालचा क्रम १:४८ च्या, म्हणजे खऱ्या विमानाच्या ४८ व्या हिश्शाच्या मापाच्या, पॅनेलसाठी लिहिला आहे. १:७२ किंवा १:३२ ला जिथे वेगळं करायचं, तिथे तसं सांगितलं आहे. मी परभणीत बसून हे करतो, त्यामुळे ऊन, बोअरचं पाणी आणि धूळ गृहीत धरली आहे. कोकणातल्या वाचकांनी वाळण्याच्या वेळा वाढवून घ्याव्यात.

## १. पॅनेल कोणत्या जातीचं आहे ते आधी ओळखा

किटमधली पॅनेलं तीन प्रकारची असतात. पहिलं साफ सपाट, सगळं चित्र डेकलवर. दुसऱ्यावर गोल कड्या उठवलेल्या, आत नुसता उथळ खड्डा. तिसऱ्यावर कड्याही आणि कडीच्या आत काटे-आकडेही कोरलेले.

सपाट पॅनेलवर अख्खं डेकल एका तुकड्यात घालायचं, त्यात वाद नाही. घोळ होतो तो उठावाच्या पॅनेलवर. किटच्या कागदात अख्खं डेकल घाला असं चित्र असतं, म्हणून लोक ते कड्यांवर अंथरतात आणि वरून सॉफ्टनर ओततात. १:७२ ला हे खपून जातं, कारण कड्याच नखाच्या रेघेएवढ्या असतात. १:४८ ला डेकलची पातळ फिल्म कडीवर ताणली जाते, छापलेलं वर्तुळ कडीच्या मधोमध राहत नाही आणि दोन कड्यांच्या मध्ये तंबू तयार होतो. हा तंबू कितीही सॉफ्टनर घातलं तरी पूर्ण बसत नाही.

म्हणून दुसऱ्या प्रकारच्या पॅनेलला डेकलमधून एकेक तबकडी गोल पाडून घ्यायची. ह्या गोलाला मी टिकली म्हणतो, आणि पुढे हाच शब्द वापरला आहे.

तिसऱ्या प्रकाराला एकच काहीतरी निवडा. कोरीव काम चांगलं असेल तर डेकल विसरा. पॅनेल काळं करा आणि जवळजवळ कोरड्या ब्रशने पांढरा रंग आकड्यांवरून फिरवा. डेकलच हवं असेल तर कडीच्या आतलं कोरीव काम घासून सपाट करा. टूथपिकचं टोक आडवं कापा, त्यावर ६०० नंबरच्या पॉलिश पेपरचा तुकडा सुपरग्लूने चिकटवा आणि कडीच्या आत गोल गोल फिरवा. कोरलेल्या आकड्यांवर छापलेले आकडे घातले की दोन्ही वाचता येत नाहीत. पावसात भिजलेल्या वर्तमानपत्रासारखं दिसतं ते.

## २. माप घ्या, अंदाज करू नका

ब्रिटिश-अमेरिकन विमानांतल्या मुख्य उपकरणाचं पॅनेलमधलं भोक ३⅛ इंच, म्हणजे सुमारे ७९ मिमी. लहान उपकरणाचं २¼ इंच, म्हणजे सुमारे ५७ मिमी. त्याला स्केलने भागलं की असं येतं:

१:३२: मोठी तबकडी सुमारे २.५ मिमी, लहान १.८ मिमी
१:४८: मोठी १.६५ मिमी, लहान १.२ मिमी
१:७२: मोठी १.१ मिमी, लहान ०.८ मिमी

म्हणजे १:४८ ची तबकडी मोहरीएवढी आणि १:७२ ची राजगिऱ्याएवढी. हे भोकाचं माप आहे. काचेतून दिसणारा चेहरा त्याहून थोडा लहान असतो, म्हणून १:४८ ला १.५ मिमीचा पंच बहुतेक वेळा बरोबर बसतो.

पण किट बनवणारा दर वेळी खरं माप पाळतोच असं नाही. पॅनेलवरच्या कडीचा आतला व्यास आणि डेकलवरच्या वर्तुळाचा व्यास, दोन्ही स्वतः मोजा. व्हर्नियर नसेल तर पारदर्शक पट्टी दोन्हींवर ठेवून मोबाईलने जवळून फोटो काढा आणि मोठा करून पाहा. टिकली कडीच्या आतल्या व्यासाहून केसभर लहान हवी. केसभरसुद्धा मोठी असेल तर ती कडीवर चढते आणि बशीसारखी वाकते.

तपासणी: डेकलचा कागद उजेडासमोर तिरका धरून पाहा. तबकडी काळी छापलेली आहे, की पारदर्शक फिल्मवर नुसते पांढरे आकडे आहेत? पांढरे आकडेच असतील तर खालचा रंग काळा असल्याशिवाय काही दिसणार नाही. निळसर-हिरव्या पॅनेलवर असं डेकल घालून मग आकडे कुठे गेले म्हणून भिंग शोधणारे मी पाहिले आहेत. त्यातला पहिला मीच.

## ३. सामान, आणि ते इथे कुठे मिळतं

सेटर (डेकल पृष्ठभागाला धरवणारं द्रव) आणि सॉफ्टनर मुंबई-पुण्याहून किंवा ऑनलाइन मागवावं लागतं. मायक्रो सेट आणि मायक्रो सोल ही जोडी सौम्य आहे, शिकणाऱ्याने त्यापासून सुरुवात करावी. मिस्टर मार्क सॉफ्टर आणि तामियाचं मार्क फिटसुद्धा चालतं. सेटर डेकल टेकवण्याआधी लावायचं, सॉफ्टनर डेकल बसल्यावर. बाटल्या उलटसुलट वापरल्या की टिकली हवेतच लिबलिबीत होते. झाकणावर मार्करने मोठा १ आणि २ लिहून ठेवा. सेटर संपलं तर स्वयंपाकघरातला पांढरा व्हिनेगर निम्मं पाणी घालून तात्पुरता चालतो. सॉफ्टनरला घरगुती पर्याय शोधू नका.

पाण्यावर मी थोडा जास्त बोलणार आहे. मराठवाड्यात बोअरचं पाणी किती जड आहे ते गिझरची कॉइल बघितलेल्याला सांगायला नको. तेच पाणी काळ्या तबकडीवर वाळलं की क्षारांचा पांढरा गोल उमटतो. लोक त्याला सिल्व्हरिंग, म्हणजे ती चंदेरी झाक, समजतात आणि सॉफ्टनरवर सॉफ्टनर घालत बसतात. क्षार त्याने जात नाहीत. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर बॅटरीवाल्याकडे मिळतं, एक बाटली वर्षभर पुरते. आरओचं पाणी बोअरपेक्षा बरं, पण डिस्टिल्डच घ्या.

सावधान: सीलबंद बाटलीच घ्या. बॅटरीच्या दुकानात ॲसिडही तसल्याच प्लास्टिकच्या बाटलीत असतं. सुट्टं पाणी भरून देतो म्हटलं तर नको म्हणा.

पंचासाठी सर्जिकलच्या दुकानात जा आणि डिस्पोजेबल बायोप्सी पंच मागा. त्वचारोगतज्ज्ञ वापरतात ते. १, १.५, २ मिमी अशा मापांत येतात, धार वस्तऱ्यासारखी असते आणि एकेक पंच शंभरेक टिकल्या आरामात पाडतो. नवा, पाकीटबंदच घ्यायचा. कुणी वापरलेला फुकट देत असला तरी हात लावू नका. चपला शिवणाऱ्या कारागिराकडचा पंच १:३२ ला कधी कधी जमतो, १:४८ ला मोठा पडतो.

बाकी किरकोळ: टोकदार चिमटा, ००० नंबरचे दोन ब्रश (एक पाण्याचा, एक सॉफ्टनरचा, अदलाबदल नाही), डोक्याला लावायचं भिंग, टिश्यू पेपर, मास्किंग टेप, आणि एक स्टीलची वाटी. वाटी कशाला, ते आठव्या टप्प्यात.

डेकल जुनं असेल तर आधी त्याची परीक्षा. आमच्याकडे लोखंडी कपाटात दोन उन्हाळे काढलेलं डेकल पाण्यात पडलं की त्याचे पापडासारखे तुकडे होतात. शीटवरचं नको असलेलं एखादं अक्षर कापून भिजवून पाहा. तुकडे झाले तर पूर्ण शीटवर ग्लॉस वॉर्निशचा किंवा लिक्विड डेकल फिल्मचा पातळ हात द्या, रात्रभर वाळू द्या आणि मगच पंच करा.

## ४. रंग: ह्या टप्प्यावर निम्मं काम बिघडतं

मॅट रंगाचा पृष्ठभाग भिंगाखाली नांगरलेल्या रानासारखा असतो. त्यावर फिल्म पडली की ढेकळांच्या वर टेकते, खाली हवा राहते, आणि ती हवा उजेडात चंदेरी दिसते. हेच सिल्व्हरिंग. खाली चकाकी असेल तर हवेला जागाच मिळत नाही. म्हणून क्रम असा:

पहिला, पॅनेलचा मूळ रंग. दुसऱ्या महायुद्धाच्या उत्तरार्धातल्या जर्मन मेसरश्मिटला गडद करडा, म्हणजे जर्मन रंगक्रमांक आरएलएम ६६. मिग-२१ ला तो ओळखीचा निळसर-हिरवा. स्पिटफायरचं पॅनेल काळं. (जगात जर्मनी, भारतात परभणी, तेव्हा मेसरश्मिटवर माझा हक्क जरा जास्तच आहे.)

दुसरा, पॅनेल काळं नसेल तर प्रत्येक कडी आणि कडीच्या आतला खड्डा काळा करून घ्या. हे बहुतेक जण करत नाहीत. खाली काळं असलं की टिकली ०.१ मिमी सरकली तरी डोळ्याला कळत नाही. खाली हिरवं असलं की तेवढीच चूक डोळ्यात मुसळासारखी खुपते.

तिसरा, उठावावर कोरड्या ब्रशने उजळ रंग, खाचांत गडद वॉश (खूप पातळ केलेला रंग), स्विचांना ठिपके. घासाघासीचं सगळं काम आत्ताच संपवा. तबकड्या बसल्यावर कोरडा ब्रश फिरवला की आकड्यांवर ओरखडे येतात.

चौथा, ग्लॉस. तामिया एक्स-२२ किंवा तसलं कोणतंही ग्लॉस, पातळ करून दोन हात. एकच जाड हात दिला तर खड्डा वॉर्निशने भरतो आणि कडी बुजते. मग किमान २४ तास थांबा. मे महिन्यात हाताला तासाभरात कोरडं लागतं, पण आतून कच्चं असतं, आणि कच्च्या ग्लॉसवर सॉफ्टनर पडलं की तोही मऊ होतो.

तपासणी: पॅनेल बल्बखाली तिरकं धरा. खड्ड्याच्या तळाशी बल्बचा ठिपका स्पष्ट दिसला पाहिजे. ठिपका पसरट, धुकट दिसला तर आणखी एक पातळ हात. नको असलेलं डेकल पॅनेलच्या मागच्या बाजूला लावून, सॉफ्टनर घालून रंग उठतो का, तेही आत्ताच पाहा.

## ५. टिकली पाडणं

कटिंग मॅटवर डेकलचा कागद छापील बाजू वर करून मास्किंग टेपने चिकटवा. हलणाऱ्या कागदावर मध्य साधत नाही.

पंच तबकडीवर सरळ उभा ठेवा, अगदी हलका टेकवा, अर्धा वळसा फिरवा आणि उचला. फिल्मवर पुसट गोल उमटेल. भिंगातून पाहा. छापलेल्या वर्तुळाभोवती सगळीकडे सारखं अंतर आहे का? असेल तर त्याच गोलात पंच परत बसवून दाबा आणि फिरवत खाली न्या. नसेल तर सरकवून परत टेकवा. दाबायची घाई केलीत तर तबकडी चंद्रकोरीसारखी कापली जाते, आणि शीटवर तसली दुसरी नसते.

टिकली पंचाच्या पोटात अडकते. फुंकर मारू नका, कुठे गेली ते कळणार नाही. पंच पांढऱ्या बशीवर उभा धरून आत सुई घाला आणि हळूच ढकला.

पाडलेल्या टिकल्या उलट्या लावलेल्या मास्किंग टेपवर, म्हणजे चिकट बाजू वर करून, ओळीने ठेवा. पॅनेलचा नकाशा कागदावर काढा, प्रत्येक कडीला नंबर द्या आणि टेपवर टिकलीशेजारी तोच नंबर लिहा. सगळ्या पंधरा एकदम पाडून बशीत टाकल्या की तेलाचं मीटर कोणतं आणि ऑक्सिजनचं कोणतं हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही.

१:७२ ला हा सगळा खटाटोप मी फक्त मुख्य सहा उपकरणांसाठी करतो. बाकीच्यांना काळ्या खड्ड्यात पांढऱ्या रंगाचे दोन ठिपके सुईने दिले की काम झालं. बंद कॅनॉपीतून, म्हणजे कॉकपिटवरच्या पारदर्शक घुमटातून, कुणाला कळत नाही.

## ६. भिजवणं: वाटीत टाकू नका

मोठं डेकल पाण्याच्या बशीत बुडवतात, तसं टिकलीचं करायचं नाही. ती कागदापासून सुटते, तरंगते, उलटते, आणि डिंक पाण्यात धुऊन जातो. डिंक गेलेली टिकली बसते, पण वाळल्यावर कड सुटते.

टिश्यूची चौपदरी घडी डिस्टिल्ड पाण्याने ओली करा. ओली म्हणजे दाबलं तर पाणी दिसेल, पण वर साचणार नाही इतकी. टिकली टेपवरून चिमट्याने कागदाच्या कडेला धरून उचला आणि कागदाची बाजू खाली करून टिश्यूवर ठेवा. पाणी खालून कागदात चढतं. २० ते ३० सेकंदांनी ओल्या ब्रशच्या टोकाने हलकेच ढकलून पाहा. सरकली तर तयार. नाही सरकली तर आणखी दहा सेकंद. नख लावून सोलायचं नाही.

एका वेळी एकच टिकली भिजवा. फार तर दोन.

सावधान: ह्या टप्प्यापासून पंखा बंद. कूलरचा झोतही दुसरीकडे वळवा. मागच्या मे महिन्यात मिग-२१ च्या पॅनेलचं अल्टिमीटर ब्रशच्या टोकावर होतं आणि गेलेली लाइट आली. पंखा सुरू झाला, अल्टिमीटर उडालं. मी फरशीवर गुडघे टेकून टॉर्चने शोधतोय, आणि भाचा दारात उभा. "मामा, काय हरवलं?" म्हटलं, अल्टिमीटर. "म्हणजे विमान किती उंच गेलं ते सांगणारं?" हो. "मग ते खाली कसं काय शोधतोय?" आठ दिवसांनी झाडू मारताना ते माझ्याच चपलेला चिकटलेलं सापडलं.

उन्हाळ्यात पहाटे ते सकाळी आठ हीच खरी वेळ. दुपारी चाळीसच्या पुढे पारा गेला की टिकली ब्रशवरून पॅनेलपर्यंत जाईतोच कोरडी होते.

## ७. बसवणं: पहिली रेघ सरळ, मग बाकीचं

कडीच्या आत सेटरचा बारीकसा थेंब ठेवा. खड्डा भरेल इतका नाही, तळ ओला होईल इतका. टिकली ब्रशच्या ओल्या टोकावर घ्या, थेंबावर सोडा आणि ब्रश बाजूला करा. ती पाण्यावरच्या पानासारखी तरंगते. मग कोरड्या टूथपिकच्या टोकाने कडेला स्पर्श करून फिरवा. मधोमध दाबू नका.

कुठून सुरू करायचं ह्याबद्दल माझं मत पक्कं आहे. आर्टिफिशियल होरायझन, म्हणजे विमान क्षितिजाशी किती कललंय ते दाखवणारं उपकरण, आधी. त्यात आडवी रेघ असते, ती पॅनेलच्या वरच्या कडेला समांतर बसली की बाकीच्या तबकड्यांना नजर मिळते. कडेच्या एखाद्या लहान मीटरपासून सुरुवात केली तर प्रत्येक तबकडी मागच्या तबकडीचा तिरकेपणा उचलते.

उलटसुलट बसू नये म्हणून ह्या खुणा लक्षात ठेवा. अल्टिमीटरचा शून्य वर, घड्याळातल्या १२ च्या जागी. चढ-उताराचा वेग दाखवणाऱ्या उपकरणाचा शून्य डावीकडे, ९ च्या जागी. टर्न अँड स्लिपमध्ये (वळण आणि घसरण दाखवणाऱ्या उपकरणात) गोळी असेल तर ती खाली. आकडे वाचता आले नाहीत तरी ह्या तीन खुणा भिंगातून दिसतात.

क्रमातही गफलत होते. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश विमानांच्या सहाच्या चौकटीत वरच्या ओळीत डावीकडून वेगमापक, होरायझन, चढ-उतार. खालच्या ओळीत अल्टिमीटर, दिशादर्शक, टर्न अँड स्लिप. आजच्या विमानांत अल्टिमीटर वरच्या ओळीत उजवीकडे आणि चढ-उतार त्याच्या खाली असतो. आजच्या विमानाचा फोटो समोर ठेवून स्पिटफायर करणाऱ्यांची ह्यात फसगत होते.

मिग-२१ वर आणखी एक गोष्ट. पॅनेलच्या मधोमध खालपर्यंत जाणारी पांढरी उभी रेघ असते. विमान गरगरायला लागलं तर वैमानिकाने दांडा मधोमध कुठे धरायचा, त्याची ती खूण. ती डेकलमध्ये असेल तर तबकड्यांच्या आधी लावा.

टिकली जागेवर आली की टिश्यूच्या कोपऱ्याला पीळ देऊन टोक करा आणि कडेला टेकवा. पाणी आपोआप शोषलं जातं आणि टिकली खाली बसते. इअरबड वापरू नका. ह्या मापावर इअरबड म्हणजे रोडरोलर.

तपासणी: तीन तबकड्या झाल्या की थांबा, मोबाईलने फोटो काढा आणि स्क्रीनवर मोठा करा. डोळ्याला सरळ वाटलेली तबकडी फोटोत पाच मिनिटांनी तिरकी निघते. ओली आहे तोवर सेटरचा एक थेंब देऊन फिरवता येते.

## ८. सॉफ्टनर आणि उपडी वाटी

पाणी पूर्ण सुकेपर्यंत थांबा, अर्धा तास तरी. मग दुसऱ्या ब्रशने सॉफ्टनर घ्या, ब्रश बाटलीच्या तोंडाला निथळा आणि टिकलीच्या कडेला फक्त टेकवा. द्रव आपणहून फिल्मखाली आणि वर पसरतो.

आता हात मागे घ्या. टिकली आकसेल, सुरकुत्या पडतील, गेलं वाया सगळं असं वाटेल. हात लावू नका. ती मेणाहून मऊ झालेली असते, ब्रश लागला की आकडे फराटले जातात. आपोआप ताणून खाली बसते. नवशिक्यांची सगळ्यात जास्त पॅनेलं ह्या पाच मिनिटांत वाया जातात, आणि त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं की काही न करणं हेच इथलं काम आहे.

आमच्या उन्हाळ्यात उलटी अडचण येते. सॉफ्टनर काम करायच्या आतच उडून जातं. म्हणून ती स्टीलची वाटी. सॉफ्टनर लावलं की पॅनेलवर वाटी उपडी घाला. आतली वाफ आत राहते, सॉफ्टनरला वेळ मिळतो, वरून धूळ पडत नाही आणि तुमचा हातही लांब राहतो. पावसाळ्यात वाटी नको, तशीच उघडी ठेवा.

पूर्ण वाळल्यावर भिंगातून पाहा. एखादी कड उचललेली असेल तर दुसरा हात द्या. मध्ये बुडबुडा असेल तर सर्वांत बारीक सुईने एक भोक पाडा आणि त्यावर सॉफ्टनरचा स्पर्श. तिसऱ्या हातानेही चंदेरी झाक जात नसेल तर चूक चौथ्या टप्प्यावरची आहे, चौथ्या हाताने ती सुटणार नाही. त्या एका टिकलीवर मास्किंग टेप दाबून उचलून काढा, खड्ड्यात ग्लॉसचा थेंब द्या आणि सुटी तबकडी वापरा. त्यासाठीच एअरस्केलसारख्या कंपनीची नुसत्या तबकड्यांची शीट घरात असलेली बरी.

पॅनेल रात्रभर राहू द्या.

## ९. डाग पुसा, बंद करा, काच बसवा

सकाळी डिस्टिल्ड पाण्यात ओला केलेला ब्रश तबकड्यांच्या भोवती फिरवा. डिंकाचा तपकिरी गोल राहिलेला असतो, तो आत्ता निघतो. वॉर्निशखाली अडकला की कायमचा.

टिकलीच्या कापलेल्या कडेवर पांढरी रेघ दिसत असेल तर पातळ काळा रंग ब्रशच्या टोकाने कडीच्या आतून एकदा फिरवा.

मग पूर्ण पॅनेलवर मॅट वॉर्निशचा पातळ फवारा. पावसाळी दमट दिवशी फवारू नका, पांढुरकी झाक येते. मॅट वाळल्यावर काच. प्रत्येक तबकडीत ग्लॉस वॉर्निशचा एक थेंब टूथपिकने किंवा इन्सुलिनच्या सुईने. थेंब कडीला टेकला की स्वतःच पसरतो. कडीच्या बाहेर गेला तर लगेच टिश्यूच्या टोकाने टिपा.

क्रम उलटा केला, म्हणजे आधी काच आणि मग मॅट, तर सगळ्या काचांना मोतीबिंदू होतो.

काचेसाठी लाकूडकामाचा पांढरा डिंक लोक वापरतात. तो पूर्ण पारदर्शक वाळत नाही, आकडे धुक्यातले दिसतात. नेलपॉलिश तर मुळीच नको, त्यातलं सॉल्व्हंट खालची फिल्म खातं.

## १०. विमानात चढवताना

पॅनेल कायमचं चिकटवण्याआधी एकदा कोरडं बसवून पाहा आणि वरचं झाकण ठेवा. वरच्या ओळीतल्या तबकड्यांची डोकी त्याखाली जात असतील तर पॅनेल अर्धा मिमी खाली घ्यावं लागेल, आणि ते आत्ताच होऊ शकतं.

चिकटवायचं ते मागून. पातळ लिक्विड सिमेंट पुढच्या बाजूने लावलं तर ते फटीतून धावत येऊन पहिल्या तबकडीखाली शिरतं. सुपरग्लूही बंद कॉकपिटमध्ये टाळा, त्याच्या वाफेने तबकड्यांच्या काचा आणि वरची कॅनॉपी दोन्ही पांढऱ्या होतात. पांढऱ्या डिंकाचे दोन ठिपके मागच्या खांबांवर पुरतात. इथे त्याचं धुकट वाळणं आड येत नाही, आणि काही चुकलं तर ओल्या ब्रशने परत सोडवता येतं. कॅनॉपी चिकटवायच्या आधी रात्रभर कॉकपिट उघडं ठेवा, आणि त्यावरही तीच वाटी उपडी घाला.